वडगव्हाणच्या अकरा विहिरी

सोमवारी सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी काकूंनी जाहीर केलं, की येत्या पंधरवड्यात वडगव्हाण क्षेत्रात गॅसच्या अकरा नव्या विहिरी सुरू होतील.

ज्योत्स्ना अंदुरेने पडद्यावरचा आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता. वडगव्हाणात विहिरी खोदणाऱ्या रिग होत्या दोन. त्यातली एक महिनाभर जळगावला दुरुस्तीला पडून होती. उरलेल्या एका रिगने पंधरा दिवसांत अकरा विहिरी खोदायच्या, तर तिला चाकं लावून पळतापळता भोकं पाडत सुटावं लागलं असतं.

काकू म्हणजे अल्पकालीन पुरवठा-अनुमान प्रणाली. हे नाव फक्त कंपनीच्या पत्रांवर होतं. शेजारच्या घरातला प्रत्येक आवाज ऐकून पुढच्या आठवड्यात तिथे काय घडणार हे ठामपणे सांगणारी बाई प्रत्येक चाळीत एक तरी असते. त्यामुळे कार्यालयात सगळे तिला काकूच म्हणत, आणि आदराने बहुवचनात बोलत.

तापीच्या या काठाला पावणेतीन किलोमीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली गॅस सापडला, त्याला आठ वर्षं झाली होती. तो नळातून वाहून नेताना नळाशेजारी एकशेदहा किलोमीटर लांबीची केबल पुरली गेली. तिच्यात केसाएवढी काचेची तार. तारेच्या एका टोकातून सेकंदाला हजार वेळा प्रकाशाची टिचकी मारायची. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक उणिवा राहतात. त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. जमिनीत कुठे काही हललं, की तार तिथे कणभर ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते. म्हणजे केबलचा प्रत्येक मीटर हा एकेक कान. असे एक लाख दहा हजार कान काकूंना होते, आणि ते बंद करायची सोय नव्हती.

या कानांनी काकूंनी सात वर्षांत एकसष्ट विहिरी होताना ऐकल्या. विहिरीआधी कोणते आवाज येतात, नंतर किती दिवसांनी गॅस येतो, हे त्यांचं त्यांनीच ताडलं. कोणी काही शिकवलं नाही. अंदाज शंभरात शहाण्णव वेळा बरोबर. मग कंपनीने सगळं त्यांच्यावरच सोपवलं: कोणत्या कारखान्याला किती गॅस द्यायचा, कमी पडला तर कोकणातल्या बंदरावर परदेशी गॅसचं जहाज बोलवायचं की नाही, रिग ठेवायच्या की हलवायच्या. ज्योत्स्ना भूगर्भशास्त्रातली एम.एस्सी. तिचं काम दर गुरुवारी अंदाजाखाली ‘मानवी पडताळणी केली’ या ओळीपुढे सही करणं, एवढंच उरलं होतं.

तिने मुख्यालयात प्रभुण्यांना फोन लावला.

“अभिनंदन!” प्रभुणे म्हणाले. “अकरा! अहो, वडगव्हाणने आमचं नाक वर केलं.”

“सर, रिग एकच आहे.”

“ते दिसतंय मला. पण काकू अकरा म्हणतायत.”

“एका रिगमधून अकरा कशा होतील?”

“हे तुम्ही मला विचारताय? क्षेत्रावर तुम्ही आहात.” प्रभुण्यांचा आवाज आनंदीच होता. “जहाज रद्द केलंय आपण. कारखान्यांचा कोटा गुरुवारपासून दीडपट केलाय, तसे मेसेजही गेले. गुरुवारी सही तेवढी टाका.”

“सर, जुन्या विहिरी आटत आल्यात. नव्या आल्या नाहीत तर नळ रिकामा कधी होईल?”

“दीडपट कोट्याने? गुरुवारपासून अकराव्या-बाराव्या दिवशी. पण विहिरी येतायत ना, मग तो प्रश्न कुठे येतो?”

ज्योत्स्नाने फोन ठेवला. प्रश्न नक्की कुठून येतो, हे तिलाही क्षणभर कळेना. पण तो आला होता, आणि त्याचा पत्ता तिला पाठ होता. औद्योगिक वसाहत, शेड क्रमांक चौदा. तिच्या धाकट्या भावाची काचेची भट्टी.

*

काकूंनी विहिरींची जागा दिली होती: किलोमीटर सत्त्याऐंशी, आणि कशावरून तेही: शनिवारी दुपारचे आवाज. अकराही विहिरी एकाच ठिकाणी, चाळीस फुटांच्या आत. मंगळवारी ज्योत्स्ना जीप घेऊन तिकडे गेली. केळीच्या बागांमधून वाट काढत पोचली, तर तिथे बासष्ट नंबरच्या विहिरीवर रिग चालू होती. एकच. शेजारी दहा विहिरींसाठी जागासुद्धा नव्हती. तिथे मजुरांचे कपडे वाळत होते.

रिगवरचे मुख्य म्हणजे गंभीरसिंग गिरासे. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या, आणि आवाज रिगच्या वर जाईल असा.

“या बाईसाहेब! चहा घेणार का, आधी ओरडणार?”

“गिरासेभाऊ, शनिवारी दुपारी इथे काय झालं?”

दोन मजूर कामाला लागल्यासारखं दाखवू लागले.

“काय व्हायचं? विहिरीचा नारळ फोडला.”

“एक?”

“एक... एकच म्हणा ना.”

“भाऊ.”

“अहो, नासका निघाला!” गिरासे उसळले. “आता नासक्या नारळावर विहीर सुरू करतं का कोणी? दुसरा घेतला. तोही नासका. तिसरा फोडला तर आतून असा वास, की हा संतोष कोपऱ्यात जाऊन ओकला. पोतंच्या पोतं खराब दिलं त्या शहाद्याच्या दुकानदाराने. पण सुरुवात केल्यावर मध्ये कसं थांबणार? चांगला निघेपर्यंत फोडायचेच.”

“आणि चांगला कितवा निघाला?”

गिरासेंनी मिशीवरून हात फिरवला. “अकरावा. पांढराशुभ्र. गोड पाणी. सगळ्यांनी खाल्लं.”

ज्योत्स्ना लोखंडी पायरीवर बसली. एकसष्ट विहिरी, एकसष्ट नारळ. प्रत्येक नारळानंतर दीड दिवसात खोदाई सुरू आणि बाराव्या दिवशी गॅस. रिगच्या लोखंडी फळीवर आपटलेल्या नारळाइतका स्वच्छ, न चुकणारा आवाज काकूंना सात वर्षांत दुसरा मिळाला नव्हता. त्यांच्या यादीत तो ‘घटक क्रमांक त्रेचाळीस’ होता, आणि अंदाजातलं त्याचं वजन सगळ्यांत जास्त. नारळ म्हणजे काय हे काकूंना माहीत नव्हतं. नासका म्हणजे काय, हे तर नव्हतंच.

“काही चुकलं का?” गिरासेंनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुमचं नाही चुकलं.”

मग कोणाचं चुकलं, हे तिने परतीच्या वाटेवर बरंच शोधलं. दुकानदारापर्यंत येऊन ती थांबली, कारण तो कंपनीचा कर्मचारी नव्हता.

*

हेमराज अंदुरे भट्टीसमोर उभा होता आणि घामाने निथळत खूश होता. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या काचेच्या बांगड्या झाल्या. हेमूने लोणच्याच्या बरण्या धरल्या. भट्टी सात वर्षांत एकदाही विझली नव्हती. काचेच्या भट्टीला सुट्टी नसते. आत पंधराशे अंशांवर अठरा टन काच पातळ होऊन फिरत असते. गॅस अचानक गेला, तर ती जागच्या जागी थिजते, विटांना धरून बसते, विटा तडकतात, आणि मग भट्टी हातोड्याने फोडून काढावी लागते. हळूहळू थंड केली तर वाचते: आधी काच उपसायची, मग तासाला थोडे थोडे अंश उतरवत न्यायचे. नऊ दिवस लागतात, आणि त्या नऊ दिवसांतही गॅस हवाच.

“हेमू, भट्टी थंड करायला घे.”

“काय?” त्याने कानातला कापूस काढला.

“गॅस जाणार आहे. गुरुवारपासून अकराव्या दिवशी.”

“येडी का तू? कोटा दीडपट होतोय. हा बघ मेसेज. अकरा विहिरी येतायत म्हणे.”

“विहिरी नाहीत, नारळ आहेत.”

हेमूने तिच्या कपाळाला हात लावला. “उन्हातून आलीस का?”

तिने सगळं सांगितलं. तो नारळांवर हसला, काकूंवर हसला, मग एकदम गंभीर झाला.

“ताई, काकू शंभरात शहाण्णव वेळा बरोबर येते. आणि तू? तू म्हणालीस, वर्षा मला होकार देणार नाही. जा, विचार तिला. दोन पोरांना आंघोळ घालतेय. तू म्हणालीस, बरण्या चालणार नाहीत.”

“प्लॅस्टिकचा जमाना होता रे.”

“बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी काय म्हणालीस, ते तर मी काढतच नाही.”

“काढलंस की.”

“पन्नास हजार बरण्यांची ऑर्डर आहे. भट्टी मी विझवली आणि गॅस आला, तर सगळं गिऱ्हाईक शेड सोळाकडे जाईल. इथे बावीस माणसं आहेत.” त्याने कापूस पुन्हा कानात घातला. “काकूने सांगितलं तर विझवतो. कंपनीचं पत्र आण.”

*

बुधवारी ज्योत्स्नाने रीतसर हरकत नोंदवली. तीन पानी. नारळ हा शब्द तिने टाळला. ‘विधिजन्य आघातध्वनी’ असं लिहिलं, कारण मुख्यालयात साधा शब्द कोणी वाचत नाही.

अर्ध्या तासात उत्तर आलं. सुधारित अंदाज: तेरा विहिरी.

“सर, मी हरकत घेतली आणि आकडा वाढला!”

“हो, बघितलं मी,” प्रभुणे म्हणाले. “काकू हरकतीसुद्धा विचारात घेतात ना. गेल्या सात वर्षांत वडगव्हाणच्या अधिकाऱ्यांनी नऊ हरकती घेतल्या, आणि नऊही वेळा गॅस जास्तच निघाला. त्यामुळे हरकत आली की काकूंना बरं वाटतं.”

“ते आधीचे अधिकारी नोकरी जाईल या भीतीने हरकत घ्यायचे. मी कारण दिलंय.”

“कारणाचा रकाना काकू वाचत नाहीत. फक्त हरकत आहे की नाही एवढंच.”

“मग त्रेचाळीस नंबरचा घटक काढून टाका.”

“काढून बघितला. अंदाज शंभरात एक्कावन्न वेळा बरोबर येतो. त्यापेक्षा नाणं उडवलेलं काय वाईट?” प्रभुण्यांनी आवाज खाली आणला. “अहो, मला एक सांगा. आजवर नारळ फुटल्यावर विहीर झाली की नाही?”

“झाली.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग तुमचं म्हणणं काय आहे नेमकं?”

ज्योत्स्नाचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं, फोन करायच्या आधी. आता ते ओल्या साबणासारखं हातातून निसटत होतं. अंदाज बरोबर असायचा, पण त्याचं कारण चुकीचं होतं. आणि कारण चुकीचं असताना सात वर्षं बरोबर येणाऱ्याला चूक म्हणायचं, तर बरोबर कोणाला म्हणायचं?

गुरुवारी तिने सही केली नाही. त्याने काही बिघडलं नाही. बारा वाजता पडद्यावर आलं: ‘मानवी पडताळणी: मुदत संपल्याने मंजूर.’

तेव्हा तिने काकूंच्या घटकांची यादी पहिल्यांदाच नीट वाचली. पुरवठा वाढवणारे चाळीसेक, कमी करणारे फार थोडे. त्यांतला सगळ्यांत जड सातवा: रिगचा मनोरा आडवा होतानाचा आवाज. ऐंशी टनांचं लोखंड जमिनीवर टेकतं. सात वर्षांत मनोरा आडवा झाला, की त्या जागेचा गॅस संपला, असंच घडत आलं होतं. काकूंना कागद समजत नव्हते. लोखंड समजत होतं.

कंपनीच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खिशात एक लाल कार्ड असतं. धोका वाटला तर शिपायानेही ते दाखवावं आणि काम थांबवावं, कोणी जाब विचारणार नाही, असा नियम. काम थांबलं की मनोरा आडवा करायचा, हाही नियम. ज्योत्स्नाने एकोणीस वर्षांत ते कार्ड एकदाच बाहेर काढलं होतं, पाकीट बदलताना.

*

शुक्रवारी सकाळी ती बासष्ट नंबरवर पोचली तेव्हा गिरासे एका बादलीवर वाकले होते.

“बाईसाहेब, वेळेवर आलात. हे बघा!” बादलीत विहिरीतून वर आलेला पातळ चिखल होता, आणि त्याच्यावर बारीक बुडबुडे फुटत होते. “पहाटेपासून वाढलेत. काळा दगड संपून वाळूचा थर लागलाय. दोन हजार आठशे साठ मीटर झाले. एकशेचाळीस राहिले. उद्या दुपारपर्यंत खाली.”

“गॅस आहे?”

“खाली पोचल्याशिवाय कसं सांगणार? बुडबुडे कधी फसवतात पण. छप्पन नंबरला असेच होते, आणि खाली खारं पाणी.” ते हसले. “पण नारळ गोड होता बरं का!”

ज्योत्स्नाने हिशेब मांडला. तसा तो रात्रभर मांडून झाला होता. विहीर लागलीच, तरी ती एक. कोटा तेरा विहिरींचा. नळ कालपासून अकराव्या दिवशी रिकामा व्हायचाच, फार तर तेराव्या. वसाहतीत सतरा भट्ट्या, आणि आजपासून विझवायला घेतल्या तरच त्या वाचणार. आज शुक्रवार, उद्या म्हणजे उशीर. एवढं स्पष्ट होतं. तिने पाकीट उघडलं.

तिने कार्ड पुढे धरलं.

गिरासेंनी आधी ते पाहिलं, मग तिच्याकडे, मग बादलीकडे. “काय धोका आहे?”

“सांगता येत नाही.”

“वारा नाही, गळती नाही, माणसं टोप्या घालून आहेत. बाईसाहेब, एकशेचाळीस मीटर!”

“माहीत आहे, भाऊ.”

“मग उद्या दाखवा ना कार्ड. एक दिवस!”

“उद्या चालणार नाही.”

“का?”

तिने नारळांचं, काकूंचं, भट्ट्यांचं सांगितलं. गिरासेंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “म्हणजे एका यंत्राला आवाज ऐकवायचा म्हणून माझी रिग झोपवायची?”

“हो.”

“आणि हे कोणालाच येडेपणा वाटत नाही?”

“मला वाटतोय,” ज्योत्स्ना म्हणाली. “पण मी हरकत घेतली तर विहिरी चौदा होतील.”

गिरासेंनी नियमाप्रमाणे वही आणली. कारणाच्या रकान्यात ज्योत्स्नाने लिहिलं: ‘खात्री नाही.’ सगळ्या प्रकरणात तिने लिहिलेलं तेवढंच एक वाक्य तिला पूर्ण खरं वाटलं.

मनोरा आडवा व्हायला चाळीस मिनिटं लागली. टेकला तेव्हा पायांखालची माती हलली आणि केळीच्या बागेतून बगळे उडाले. सहा मिनिटांनी ज्योत्स्नाच्या फोनवर सुधारित अंदाज आला: नव्या विहिरी शून्य. दहाव्या मिनिटाला वसाहतीत पत्र गेलं: पुरवठ्यात लवकरच मोठी कपात, भट्टीधारकांनी नियंत्रित थंडीकरण तातडीने सुरू करावं. अकराव्या मिनिटाला काकूंनी रिकाम्या झालेल्या रिगला राजस्थानात काम दिलं.

हे अकरावं मिनिट ज्योत्स्नाने हिशेबात धरलं नव्हतं.

“सर, रिग नेऊ नका. एकशेचाळीस मीटरच राहिलेत.”

“कशाला ठेवायची?” प्रभुणे म्हणाले. “तिथे शून्य आहे.”

“तो शून्य मी केलाय!”

“तुम्ही कशा कराल? काकूंनी केलाय.” मग म्हणाले, “तुम्ही हरकत घेतली होती ना? शेवटी तुमचंच खरं ठरलं की. मी वर कळवतो.”

रविवारी बासष्ट नंबर सिमेंट ओतून कायमची बुजवली. गिरासे ट्रकमधून निघाले तेव्हा ज्योत्स्ना रस्त्याच्या कडेला उभी होती. त्यांनी ट्रक थांबवला नाही. हात मात्र कपाळाला लावला. तो नमस्कार होता की आणखी काही, हे ट्रकच्या धुळीत नीट दिसलं नाही.

*

अकराव्या दिवशी नळातला दाब उतरला, आणि संध्याकाळी शून्यावर आला. सतरापैकी सतरा भट्ट्या तोवर थंड झाल्या होत्या. एकही वीट तडकली नाही. काकूंचा शेवटचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला आणि वडगव्हाण कार्यालयाला अचूकतेचं प्रशस्तिपत्र आलं. रद्द झालेल्या जहाजाच्या जागी दुसरं तीन महिन्यांनी येणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना शेड चौदामध्ये गेली. सात वर्षांत तिथे पहिल्यांदाच बोललेलं ऐकू येत होतं. बावीसपैकी अठरा माणसं केळीच्या तोडणीला गेली होती. हेमू भट्टीच्या तोंडातून अर्धा आत शिरून टॉर्चने विटा बघत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल, दाढी वाढलेली. नऊ दिवस तासातासाला काटा बघत त्याने भट्टी उतरवली होती.

“एकदम ठीक आहे,” तो म्हणाला. “जहाज आलं की पेटवू.”

“तोवर माणसं थांबतील?”

“काही थांबतील.” तो पोत्यांच्या थप्पीवर बसला. “ताई, एक विचारू? सोळा नंबरवाला सांगत होता, रिगवरच्या कुठल्या पोराने म्हणे त्याला सांगितलं. बासष्टमध्ये बुडबुडे दिसत होते. आणखी एक दिवस खोदलं असतं तर एका भट्टीपुरता तरी निघाला असता.”

ज्योत्स्नाने त्याच्या हातातला चालू टॉर्च घेऊन बंद केला.

“म्हणजे मी उगाच विझवली का? निदान एक चालली असती. माझी, नाहीतर सोळाची.” त्याने तळहाताने डोळे चोळले. “होता का गं गॅस?”

तिच्या शास्त्रात याचं उत्तर होतं. वाळूचा थर, बुडबुड्यांचा वाढता वेग, छप्पन नंबरचं खारं पाणी. सगळं जमेला धरलं तर शंभरात साठ. पासष्टही म्हणता आलं असतं.

“नव्हता,” ती म्हणाली.

“किती टक्के?”

“शंभर.”

हेमूने तिच्याकडे पाहिलं. तो काहीतरी टोमणा मारेल, जुनं काहीतरी काढेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

“मग बरं झालं,” तो म्हणाला, आणि तिथेच पोत्यांवर आडवा होऊन, चपलाही न काढता, झोपून गेला.

ज्योत्स्ना जावं की थांबावं हे न कळून त्याच्या उशाशी उभी राहिली.